दोनच दिवस सुट्टी? वारीतला टप्पा बघून निवडा

आळंदी ते पंढरपूर पायी जायला अडीच-तीन आठवडे लागतात. पेरणीच्या दिवसांत एवढी सवड कुणाला? एक-दोन दिवसच चालायचं तर बहुतेक जण पुणे–सासवड धरतात. पण माउलींच्या पालखीचा हा मोठा टप्पा, साधारण ३० किलोमीटर, त्यात दिवे घाटाची चढण. पहिल्यांदा चालणाऱ्याचे पाय इथेच भरून येतात. त्यापेक्षा सासवड–जेजुरी बरा: अंतर जवळपास निम्मं, वर खंडोबाचं दर्शन. लहान मुलं, म्हातारी माणसं सोबत असतील तर लोणंद–तरडगाव. टप्पा छोटा, वाटेत चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण. गर्दी तिथेही असतेच, मुलांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी. नवी चप्पल घालू नये. तारखा तिथीप्रमाणे बदलतात. रजा टाकण्याआधी यंदाचं वेळापत्रक बघावं.