किल्ल्यापासून सिगारेटपर्यंत : 'मस्ट गिव्ह अप'ची गोष्ट

आज तीन शब्दांच्या एका इंग्रजी तुकड्याचा इतिहास बघायचा आहे : 'मस्ट गिव्ह अप'. डॉक्टर म्हणतात, 'यू मस्ट गिव्ह अप स्मोकिंग.' तिन्ही शब्द आपल्याला शाळेपासून माहीत आहेत. मस्ट म्हणजे पाहिजे, गिव्ह म्हणजे देणे, अप म्हणजे वर. बेरीज केली तर 'सिगारेट वर दिली पाहिजे' असं काहीतरी निघतं. डॉक्टरांना मात्र ती सोडायला हवी आहे. शब्द ओळखीचे आणि वाक्य परकं, असं का होतं?

यासाठी बाराव्या शतकात जावं लागेल. इंग्लंडच्या गादीवर स्टीफन राजा होता आणि सरदार त्याला जुमानत नव्हते. 1139 साली त्याने ऑक्सफर्डला सॉल्झबरीचे बिशप रॉजर आणि त्यांच्याच नात्यातले आणखी दोघे, लिंकनचे बिशप अलेक्झांडर आणि राज्याचे चान्सलर, यांच्यावर हात टाकला. किल्ले हवाली करेपर्यंत सुटका नाही, असा मामला होता. ही हकिगत पीटरबरोच्या मठातल्या बखरीत आहे. बखरीचा तो शेवटचा भाग 1154 च्या सुमारास लिहिला गेला. किल्ले हवाली केले हे सांगताना त्या लेखकाने 'गिव्ह'च्या भूतकाळी रूपापुढे 'अप' ठेवलं आहे. किल्ला काही कोणी वर उचलून दिला नाही. 'अप'मधली दिशा तेव्हाच पुसट झाली होती आणि 'पुरतं, कायमचं' असा अर्थ त्यात उतरू लागला होता.

त्याआधीच्या जुन्या इंग्रजीत असे छोटे शब्द बहुतेक वेळा क्रियापदाच्या पुढच्या बाजूला चिकटत, आपल्या प्रहार, आहार, विहारातल्या उपसर्गांसारखे. जर्मनमध्ये ती पद्धत आजही दिसते. इंग्रजीत ते हळूहळू मागे सरकले. किनाऱ्यावर येऊन स्थायिक झालेल्या नॉर्स लोकांच्या बोलीचा याला हातभार लागला, असं अनेक अभ्यासक मानतात. 'गेट' आणि 'टेक' ही क्रियापदं तर इंग्रजीला नॉर्सकडूनच मिळाली, आणि 'गिव्ह'मधला कडक 'ग'ही त्याच प्रभावातला. नेमकी हीच क्रियापदं आज सगळ्यात जास्त शेपट्या बाळगून आहेत.

इकडे शेपूट वाढत होतं, तिकडे वाक्याच्या पुढच्या टोकाला दुसरंच नाट्य चाललं होतं. कॅन, मे, शॅल, मस्ट, विल ही एके काळी पूर्ण वजनाची क्रियापदं होती. 'कॅन' म्हणजे जाणणे. संस्कृतातला 'ज्ञा' धातू आणि हा 'कॅन' एकाच मुळाचे, म्हणजे आपलं 'जाणणे' आणि इंग्रजांचं 'कॅन' हे लांबचे भाऊबंद. 'मे' म्हणजे अंगात बळ असणे. 'शॅल' म्हणजे देणं लागणे, अगदी कर्जाच्या अर्थाने. आणि 'मस्ट' हे मुळात 'मुभा असणे' अशा अर्थाच्या क्रियापदाचं भूतकाळी रूप. मूळ क्रियापद मेलं, हे रूप मागे राहिलं आणि मुभेची सक्ती झाली. स्वतःच भूतकाळी असल्यामुळे त्याला वेगळा भूतकाळ उरला नाही. म्हणून काल सक्ती होती हे सांगताना 'हॅड टू' म्हणावं लागतं. 'ही कॅन्स' का होत नाही, हे आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नाही. कारण साधं आहे : 'विल' सोडला तर या शब्दांचा वर्तमानकाळ जुन्या भूतकाळाच्या साच्यावर घडला आहे, आणि त्या साच्यात 'स' नव्हताच. विलने पुढे बाकीच्यांचीच चाल उचलली.

सोळाव्या शतकापर्यंत या शब्दांनी आपलं स्वतंत्र वजन गमावलं आणि ते मदतनीस झाले. पुढे मदतनीस, मधे साधं क्रियापद, मागे शेपूट : 'मस्ट गिव्ह अप'. नकार घ्यायचा तो पहिल्याने, अर्थ वळवायचा तो शेवटच्याने. मधलं क्रियापद बिचारं पुष्कळदा नावापुरतंच असतं.

आता खरी गंमत. पुढच्या टोकाला नियम लवकर मिळाले. जॉन वॉलिस या गणितज्ञाने 1653 मध्ये इंग्रजीचं व्याकरण लॅटिनमध्ये लिहिलं, परकीयांसाठी. शॅल आणि विल कुठे वापरायचे याचा प्रसिद्ध नियम त्यात आहे. मागच्या टोकाचं काय? सॅम्युएल जॉन्सनने 1755 च्या कोशाच्या प्रस्तावनेत मान्य केलं की क्रियापद आणि असा छोटा शब्द यांची जोडी परकीयांना सगळ्यात जड जाते, आणि त्याने अशा जोड्या काळजीने टिपल्या. पण त्यांना नाव नव्हतं. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव छापून रूढ झालं ते लोगन पिअर्सल स्मिथच्या 1925 च्या पुस्तकातून, आणि ते कोशकार हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलं होतं, असं त्यानेच नोंदवलं आहे. म्हणजे पहिल्या टोकाला नियम मिळाल्यावर दुसऱ्या टोकाचं बारसं व्हायला पावणेतीनशे वर्षं लागली.

आपल्याकडे इंग्रजी आलं ते याच मधल्या काळात. 1835 चं मेकॉलेचं टिपण, 1857 ची मुंबई, कलकत्ता आणि मद्रास विद्यापीठं, मग कचेऱ्यांमधली कारकुनी. ज्याला नियम होता ते शिकवलं गेलं. शॅल-विल आपण रेन अँड मार्टिनमधून घोकलं. शेपटीवाली क्रियापदं घरगुती, हलकी मानली गेली. त्यांच्या जागी लॅटिन-फ्रेंच घराण्यातले भारदस्त शब्द आले : पुट ऑफऐवजी पोस्टपोन, लुक इंटूऐवजी इन्व्हेस्टिगेट, पुट अप विथऐवजी टॉलरेट. बडोदा असो, इंदूर असो की हैदराबाद, आपल्या अर्जांचं इंग्रजी अजून याच वळणाचं आहे. त्यात चूक काही नाही. मात्र अर्ज लिहिणारा माणूस बोलण्याच्या बाजारात गेला की अडतो. मग कधी शेपूट नको तिथेही लागतं. 'कोप विथ' पुरेसं असताना आपण 'कोप अप विथ' म्हणतो, कारण कानात 'पुट अप विथ' आणि 'कीप अप विथ' बसलेले असतात.

अडणं कधी गंभीरही होतं. भारतातून ब्रिटनमध्ये गेलेल्या एखाद्या परिचारिकेची कल्पना करा. रुग्ण म्हणतो, 'आय माइट थ्रो अप.' तिने पुस्तकात 'व्हॉमिट' शिकलेलं आहे. हा काय फेकणार आहे, असा विचार करण्यात दोन सेकंद गेले तर चादर गेली. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर म्हणतात, 'ही शुड कम राउंड सून.' आपण शिकलो की 'शुड' म्हणजे कर्तव्य. इथे ते अपेक्षा सांगतं, आणि 'कम राउंड' म्हणजे शुद्धीवर येणे. दोन्ही टोकं एकाच वेळी निसटली की वाक्यातलं फक्त 'ही' आणि 'सून' हाती राहतं. त्यात उच्चाराची अडचण वेगळीच. 'यू कॅन टर्न इट ऑफ' म्हणताना इंग्रज माणूस 'कॅन' जवळजवळ गिळतो आणि जोर 'ऑफ'वर देतो. 'कान्ट' मात्र ठणठणीत उच्चारतो. आपण प्रत्येक शब्दाला सारखं वजन देतो आणि समोरच्याकडूनही तेच अपेक्षितो.

ही रचना आपल्याला परकी वाटायचं खरं तर कारण नाही. 'त्याने किल्ला देऊन टाकला पाहिजे' हे वाक्य घ्या. 'टाकणे'मधून फेकण्याची क्रिया गेली, राहिला तो 'पुरतं, एकदाचं' हा अर्थ. बाराव्या शतकातल्या त्या 'अप'सारखाच. आणि 'पाहिजे' हे 'पाहणे'चं जुनं कर्मणी रूप आहे. आज त्यात पाहण्याचा मागमूस नाही, तेही 'मस्ट'सारखं एका रूपात थिजलं आहे. फरक इतकाच की इंग्रज एक मदतनीस पुढे आणि एक मागे ठेवतो, आपण दोन्ही मागे रांगेत उभे करतो. शिकवताना कोणी 'देऊन टाकलं पाहिजे' आणि 'मस्ट गिव्ह अप' शेजारी मांडले असते, तर माझी तरी बरीच वर्षं वाचली असती.

सध्या पुढच्या टोकाची पडझड सुरू आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या लिखाणाची मोजणी करणाऱ्यांना शॅल, मस्ट आणि मे यांचा वापर घटलेला दिसला. त्यांची जागा 'हॅव टू'सारखे नवे मदतनीस घेत आहेत. मागचं टोक मात्र जोरात आहे : लॉग इन, साइन अप, चेक आउट. आपण ही सगळी अख्खी उचलली आणि मदतनीस मात्र आपलेच ठेवले. काउंटरवरचा मुलगा मराठीत सहज सांगतो, 'सर, अकरापर्यंत चेकआउट करावं लागेल.' आणि मैदानाबाहेरून आई ओरडते, 'गिव्हअप करायचं नाही हं!'