भिंतीआडून अंगणात



बारावीतला पोरगा अचानक कॉलेजला जायचं सोडतो. रात्र रात्र जागतो, मित्रांना टाळतो. ‘सगळे माझ्याबद्दलच बोलतात’ म्हणतो. कोणी नसताना हाक ऐकू आल्यासारखं वाटतं. आपल्या सडक अर्जुनीकडच्या गावांत असं झालं की आपण म्हणतो, ‘बाहेरचं झालं,’ नाहीतर ‘नाटकं करतो.’ त्यात महिने जातात. हेच महिने सगळ्यात मोलाचे असतात, हे कळायला दीडशे वर्षं कशी लागली, ते आज आम्ही सांगणार आहोत.

1858 साली इंग्रज सरकारनं वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला. 1864 साली नागपूरला असं इस्पितळ निघालं. लोक त्याला पागलखाना म्हणत. आज ते प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तेव्हाची समजूत अशी, की आजार पूर्ण चढला की माणसाला भिंतीआड ठेवायचं. घरच्यांचं काम तिथं पोहोचवण्यापुरतं.

ही समजूत 1950 नंतर हलली. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णासोबत राहायला बोलावलं. आई-बायकोनं आजार समजून घेतला की माणूस लवकर घरी जातो, हे तिथं दिसलं.

पुढचा प्रश्न होता, आजार चढण्याआधी काही करता येईल का? 1994 साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये खास अशा धोक्याच्या उंबरठ्यावरच्या तरुणांसाठी दवाखाना सुरू झाला. तिथून जगभर अभ्यास झाले. त्यातून दोन गोष्टी समजल्या. अशी लक्षणं दिसणाऱ्या बहुतेक मुलांना पुढे मोठा आजार होत नाही. आणि या टप्प्यावर आधी गोळ्या नव्हे, तर बोलण्याचा उपचार करावा.

हा उपचार म्हणजे उपदेश नव्हे. समुपदेशक मुलाला विचारतो, ‘लोक हसले तेव्हा नेमकं काय झालं? दुसरं कारण असू शकतं का?’ मुलगा स्वतःच विचार तपासायला शिकतो. झोप, गांजा-दारू, परीक्षेचा ताण यांवरही काम होतं. घरच्यांना शिकवतात की टोमणे आणि आरडाओरडा कमी करायचा. आजार जडलाच, तर मात्र औषधं लागतात आणि ती मनानं बंद करायची नसतात.

महाराष्ट्रातही घरच्यांनी पुढाकार घेतला. डॉ. जगन्नाथ वाणी यांनी हा आजार स्वतःच्या घरात पाहिला होता. त्यांच्या पुढाकारानं 1997 साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. 2004 सालच्या ‘देवराई’ चित्रपटात आजारी भावाला सांभाळणारी बहीण आपण पाहिली.

मग सातारा, गोवा आणि तामिळनाडूत 282 रुग्णांचा अभ्यास झाला. त्यातल्या 187 जणांना दवाखान्याच्या उपचारासोबत गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांचीही मदत मिळाली. ते डॉक्टर नव्हते, आपल्यासारखेच लोक होते. 2014 साली निकाल छापून आला. फरक थोडा होता, पण होता.

2017 च्या कायद्यानं मानसिक उपचार हा हक्क ठरवला आणि साखळीनं बांधायला बंदी केली. 2022 पासून 14416 हा टेलिमानसचा नंबर आहे. फोन फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं.

मैत्रिणींनो, बांधीतले पऱ्हे पिवळे पडू लागले की आपण कापणीपर्यंत थांबत नाही. मग पोराच्या बाबतीत का थांबायचं? देवाला नारळ फोडायचा असेल तर फोडा, पण त्याच आठवड्यात आशाताईंशी बोला, दवाखान्यात जा. ‘जगावंसं वाटत नाही’ असं तो म्हणाला, तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी न्या. आणि शेजारच्या घरात असं घडत असेल, तर कुजबुज नको. बचत गटाच्या बैठकीनंतर त्या आईजवळ जाऊन बसा. आधी तिचं ऐकून घ्या.