माग आमचा, साचेखाते परक्यांचे

धम्मबांधवांनो,

विणकाम म्हटले की लोकांना कोष्टी आठवतात, साळी आठवतात. आपले नाव कुणी घेत नाही. परंतु नागपूर, भंडारा, चांदा या भागात आपला महार समाज पिढ्यान्‌पिढ्या जाडेभरडे सुती कापड विणीत होता. इंग्रजांच्या काळच्या सरकारी पुस्तकांतही तशी नोंद आहे. रेशीमकाठी कापड कोष्ट्यांचे. गरीब कष्टकऱ्याच्या अंगावरचे जाड धडुते मात्र आपल्या वाडवडिलांच्या मागावरचे.

ही नुसती अंगमेहनत नव्हती, हे शास्त्र होते. सुताला पेजेची खळ द्यायची. खळ पातळ झाली तर धागा पिंजतो, जाड झाली तर ताठ होऊन तुटतो. ताण्याचे धागे मोजून फणीत ओवायचे, पायाने पावड्या दाबून ते वरखाली करायचे नि मधून धोटा फेकायचा. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून माग खड्ड्यात, जमिनीच्या ओलाव्यापाशी. ज्यांना पाटी-पुस्तकाला शिवू दिलं नाही, त्यांनी हा सगळा हिशेब डोक्यात ठेवला. घरच्या मायबहिणी सूत काढीत, कांड्या भरीत. त्यांच्याशिवाय माग हलत नव्हता.

बलुत्याची भाकर मागावी लागते. विकलेल्या कापडाचा पैसा हक्काचा असतो. विदर्भात आपल्यातले काहीजण व्यापारात शिरले, त्यांनी जमिनी घेतल्या. इकडे चळवळ लवकर उभी राहिली, त्याचे हेही एक कारण आहे, असे आम्ही मानतो.

पुढे १८६७ साली नागपूरला रेल्वे आली. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या स्वस्त कापडापुढे हातमाग मागे पडला आणि विणकराचा मजूर झाला.

गिरणीत तरी विणण्याचे काम मिळावे? मुंबईच्या गिरण्यांत तेही नाही! तिथे धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचे टोक तोंडाने ओढून काढावे लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगाराला चालेना. म्हणून जास्त पगाराचे साचेखाते आपल्या माणसांना बंद, नि कमी पगाराची खाती तेवढी खुली. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना याचा रोखठोक जाब विचारला. कामगारांची एकी हवी, पण तीत आपल्या माणसाचा हक्क कुठे आहे, हा त्यांचा सवाल होता.

आम्ही गिरणी कामगारांनी यातून एकच धडा घेतला. हातात कसब असून भागत नाही. त्या कसबाला हक्काची जोड लागते. आणि हक्क मागायचा तर आपला इतिहास आपल्याला माहीत पाहिजे.

एम्प्रेस मिलही २००२ साली बंद पडली. आता माग नाही नि मिलही नाही. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की ज्या घरात आजा-पणजाचा माग होता, तिथल्या पोरांनी म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे. मागाच्या एकेका भागाचे नाव, खळीची रीत, बाजाराचे गाव वहीत लिहून घ्यावे. ती वही विहारात ठेवू. आपला इतिहास आपण नाही लिहिला, तर दुसरा कोण लिहिणार?

जयभीम.