कारकुनाच्या वहीतला राजा

1 जानेवारी 1660 रोजी लंडनमधल्या एका 26 वर्षांच्या कारकुनाने नवी वही उघडली आणि पहिल्याच नोंदीत देशाचे आणि घराचे वर्तमान एका दमात लिहून टाकले. पार्लमेंटचा उरलासुरला तुकडा पुन्हा बैठकीला बसला आहे, जनरल मंक फौज घेऊन स्कॉटलंडात आहे, पुढे काय होणार याचा अंदाज कोणालाच नाही. त्याच पानावर, दुपारच्या जेवणासाठी उरलेल्या टर्कीचे मांस रांधताना बायकोने हात भाजून घेतल्याचीही नोंद आहे. सॅम्युएल पीप्सची रोजनिशी अशी सुरू झाली आणि 31 मे 1669 पर्यंत चालली. 12 लाखांहून अधिक शब्दांच्या या वह्यांत देशाचा कारभार आणि घरातली चूल कधीच वेगळी झाली नाहीत.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये रोजनिशी लिहिणारे बरेच होते. धर्मनिष्ठ प्युरिटन माणसे आपल्या पापांचा झाडा घेण्यासाठी लिहीत, व्यापारी देण्याघेण्याची टिपणे ठेवत. आपल्याकडे त्याच शतकातल्या घटनांच्या तिथीवार नोंदी जेधे शकावलीत सापडतात; गड कधी घेतला, कोण कधी वारले हे तिच्यातून कळते, पण त्या दिवशी घरात काय शिजले ते कळत नाही. पीप्सने हे सगळे एका वहीत आणले. जमाखर्च, पाप, राजकारण, नाटक, पोटदुखी, नव्या कोटाची किंमत, शेजाऱ्याचा हेवा. म्हणूनच त्याने राजावर केलेली टीका आजही खरी वाटते. ती कुठल्या तत्त्वज्ञानातून आलेली नाही. रोज सकाळी उठून कचेरीत जाणाऱ्या, पगाराची आणि बिलांची चिंता करणाऱ्या माणसाच्या अनुभवातून ती हळूहळू साचत गेली आहे.

पीप्स हा फ्लीट स्ट्रीटजवळच्या एका शिंप्याचा मुलगा. 30 जानेवारी 1649 रोजी पहिल्या चार्ल्स राजाचा व्हाइटहॉलसमोर शिरच्छेद झाला, तेव्हा हा शाळकरी पोरगा गर्दीत उभा होता आणि त्याला त्यात आनंदच वाटला होता. 11 वर्षांनी हवा पालटली. पीप्सचा नातलग आणि आश्रयदाता एडवर्ड माँटेग्यू हा एकेकाळी राजाविरुद्ध लढलेल्या क्रॉमवेलचा माणूस, आता त्याच्याकडेच मारलेल्या राजाच्या मुलाला, दुसऱ्या चार्ल्सला, हॉलंडहून परत आणण्याची कामगिरी आली. सोबत चिटणीस म्हणून पीप्स होता. ज्या जहाजातून राजा यायचा त्याचे नाव ‘नेसबी’. राजाच्या बापाचा ज्या रणांगणावर पराभव झाला त्याचे नाव. मे 1660 मध्ये राजा जहाजावर चढला आणि ते नाव पुसून ‘रॉयल चार्ल्स’ असे ठेवले गेले. डेकवर येरझाऱ्या घालत राजाने आपल्या वनवासाच्या कथा सांगितल्या, गुडघाभर चिखलातून केलेली पायपीट सांगितली, आणि ते ऐकताना पीप्सच्या डोळ्यांत पाणी यायचे बाकी राहिले. डोव्हरच्या किनाऱ्याकडे जाताना राजाच्या लाडक्या कुत्र्याने होडीत घाण केली. सगळे हसले. राजा आणि त्याच्या गोष्टी शेवटी चारचौघांसारख्याच, एवढेच पीप्सने लिहून ठेवले.

हे लिहिणारा तेव्हा राजाच्या बाजूचा होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्याची सगळी आशा या राजावर होती, आणि राजानेच त्याला भाकरी दिली. नौदल मंडळात त्याला मोठ्या हुद्द्याची नोकरी मिळाली, वर्षाला 350 पौंड पगार आणि सीदिंग लेनमध्ये राहायला सरकारी घर.

या कामातले त्याला सुरुवातीला काहीच कळत नव्हते. नौदलासाठी लाकूड, ताग, डांबर, दोरखंड, शिडांचे कापड यांची खरेदी व्हायची आणि ठेकेदार मापात फसवायचे. केंब्रिजला शिकलेल्या या माणसाला पाढेसुद्धा येत नव्हते. जुलै 1662 मध्ये, वयाच्या 29व्या वर्षी, एका जहाजावरच्या अधिकाऱ्याची शिकवणी लावून तो गुणाकाराचे पाढे पाठ करू लागला. मग लाकडाची घनमापे, दोराची जात, तागाचे वजन. गोदीत जाऊन तो स्वतः मोजू लागला. पीप्सच्या राजकीय रागाचे मूळ शोधायचे तर ते या पाढ्यांत आहे. आकडे कळू लागल्यावर राज्य कसे चालते हे त्याला दिसू लागले आणि त्यानंतर डोळेझाक करणे त्याला जमेना.

मुंबईचे बेट या वह्यांत येते ते याच सुरुवातीच्या वर्षांत. राजाच्या 1661च्या विवाह-करारात पोर्तुगालने राजकन्या कॅथरीनच्या हुंड्यात मुंबई आणि टँजिअर इंग्लंडला दिले. 1662च्या सप्टेंबरात इंग्रज आरमार मुंबईला पोचले, पण पोर्तुगीज गव्हर्नरने काहीबाही सबबी सांगून बेट ताब्यात द्यायला नकार दिला. बेट ताब्यात घ्यायला आलेला सर अब्राहम शिपमन आणि त्याची माणसे कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन राहिली आणि तिथल्या रोगट हवेत एकामागून एक मेली. खुद्द शिपमनही 1664 मध्ये तिथेच वारला. मे 1663 मध्ये ही फसवणुकीची बातमी लंडनमध्ये पीप्सच्या कानी आली. एवढा खर्च करून पाठवलेले आरमार रिकाम्या हाताने बसले, याची चीड त्याच्या नोंदीत आहे. पुढे सप्टेंबरमध्ये, बेट मिळाले असते तरी ते किती क्षुल्लक आहे, हेही त्याने ऐकून टिपून ठेवले. त्याच मे महिन्यात त्याने आणखी एक गोष्ट लिहिली: राजाला कामाचा विचारसुद्धा नकोसा वाटतो, त्याला फक्त चैन हवी असते आणि त्याची रखेल लेडी कॅसलमेन त्याला नाचवते. 1665 मध्ये मुंबई अखेर इंग्रजांच्या हाती आली आणि 1668 मध्ये राजाने ती वर्षाला 10 पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. अंजदीवला मेलेल्या माणसांच्या मोबदल्यात राजाच्या पदरी पडले ते एवढेच.

डचांशी युद्ध 1665 मध्ये सुरू झाले. पार्लमेंटने त्यासाठी 25 लाख पौंड मंजूर केले होते. आकडा प्रचंड, पण मंजुरी आणि वसुली यांत अंतर होते, आणि वसूल झालेला पैसाही वाटेत गळत होता. त्याच वर्षी लंडनमध्ये प्लेगने थैमान घातले. खलाशांना रोख पगार देता येईना, म्हणून त्यांच्या हाती चिठ्ठ्या दिल्या जाऊ लागल्या: सरकार तुझे इतके देणे लागते, पुढे कधीतरी ये. पोट भरायचे तर ती चिठ्ठी दलालाला विकायची, आणि दलाल भरपूर बट्टा कापून घ्यायचा. ऑक्टोबर 1665 मध्ये पीप्सच्या कचेरीबाहेर उपाशी खलाशी रस्त्यावर पडून विव्हळत होते. त्यांच्यामधून वाट काढत त्याला आत जावे लागे. ते पाहून आपले काळीज पिळवटले असे त्याने लिहिले आहे, आणि त्या संध्याकाळी तो घरी जाऊन जेवलाही असणार. रोजनिशी वाचताना हे दोन्ही पचवावे लागते.

1666च्या सप्टेंबरात लंडनला आग लागली. पहाटे तीन वाजता घरातल्या जेन नावाच्या मोलकरणीने त्याला उठवले. सकाळी होडीने व्हाइटहॉलला जाऊन, घरे पाडल्याशिवाय आग थांबणार नाही, हे राजाला सांगणारा पीप्सच होता. त्या आगीत राजा स्वतः रस्त्यावर उतरून झटला होता. धाडस त्याच्याकडे होते. नव्हती ती चिकाटी. रोज उठून कागद वाचायचे, हिशेब विचारायचे, नको त्या माणसाला दूर करायचे, या कंटाळवाण्या कामांची त्याला शिसारी होती. पीप्सने आगीच्या त्या दिवसांत शेजाऱ्याबरोबर बागेत खड्डा खणून दारू आणि पार्मेसान चीज पुरले. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण याच माणसाने पुढच्या वर्षी सोने पुरायला पाठवले, तेव्हाचे कारण जास्त लाजिरवाणे होते.

1667 मध्ये तिजोरीत खडखडाट झाला आणि सरकारने पैसा वाचवण्यासाठी मोठी लढाऊ जहाजे समुद्रात न पाठवता मेडवे नदीत नांगरून ठेवली. त्यांच्यावर पुरेसे खलाशी नव्हते, कारण द्यायला पगार नव्हता. नदीच्या पात्रात आडवी एक लोखंडी साखळी टाकली होती. जूनमध्ये डच आरमार आले. 10 तारखेला शीरनेसचा किल्ला पडला, 12 तारखेला साखळी तुटली, दुसऱ्या दिवशी इंग्लंडची मोठमोठी जहाजे नदीतच जळाली. आणि ‘रॉयल चार्ल्स’? राजाला ज्या जहाजातून आणले, ज्याच्या डेकवर तरुण पीप्सच्या डोळ्यांत पाणी यायचेच राहिले होते, ते जहाज डचांनी पकडले आणि ओढत हॉलंडला नेले. त्याच्या पाठीमागच्या बाजूची राजचिन्हाची कोरीव पट्टी आजही अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे.

लंडनमध्ये घबराट उडाली. 13 जूनला पीप्सने वडिलांना आणि बायकोला 1300 पौंडांचे सोने पिशवीत देऊन ब्रॅम्प्टनच्या गावच्या घरी धाडले. आणखी 300 पौंडांचे सोने पट्ट्यात शिवून स्वतःच्या कमरेला बांधले. या सगळ्या धावपळीत त्याने ऐकलेल्या दोन गोष्टी लिहून ठेवल्या, आणि इतिहासकार आजही त्यांकडे परत परत येतात. डच जहाजांवरून इंग्रजी बोलणारे आवाज ऐकू आले होते: चिठ्ठ्यांवर लढून कंटाळलेले इंग्रज खलाशी आता रोख पैशांसाठी शत्रूकडून लढत होते. आणि वॉपिंगच्या गल्ल्यांत खलाशांच्या बायका ओरडत होत्या, आमच्या नवऱ्यांना पगार न दिल्याचे हे फळ आहे. पीप्सने त्यावर वाद घातला नाही. वाद घालायला त्याच्याकडे जागाच नव्हती. चिठ्ठ्या तर त्याच्याच कचेरीतून निघत होत्या.

काही दिवसांनी एका परिचिताने त्याला सांगितले, की डच आपली जहाजे जाळत होते त्या रात्री राजा लेडी कॅसलमेनबरोबर मेजवानीला बसला होता आणि सगळी मंडळी दिवाणखान्यात एका पाकोळीच्या मागे धावत होती. गोष्ट ऐकीव आहे, पण ती लोकांना खरी वाटली यातच राजाची पत कळते. जुलैमध्ये पीप्सने नवलाने लिहिले, की हल्ली जो तो क्रॉमवेलची आठवण काढतो, शेजारची राज्ये त्याला कशी वचकून असत ते सांगतो. हा तोच क्रॉमवेल, ज्याचे प्रेत सहा वर्षांपूर्वी थडग्यातून उकरून फासावर टांगले होते.

ऑक्टोबरमध्ये तो सोने काढायला ब्रॅम्प्टनला गेला. बायकोने आणि वडिलांनी ते रविवारी दिवसाढवळ्या पुरले होते, शेजारपाजाऱ्यांना सहज दिसेल असे. पीप्स संतापला. कंदिलाच्या उजेडात खणताना पिशव्या कुजल्याचे दिसले, नाणी चिखलात विखुरली होती. त्याने माती धुऊन, चाळून बरीचशी मिळवली, काही कायमची गेली. राज्याच्या दुर्दशेची एवढी बारीक आणि एवढी घरगुती हकीकत दुसऱ्या कोणी लिहिलेली नाही.

पण हे सोने कुठून आले, हाही प्रश्न विचारायला हवा. रोजनिशी सुरू केली तेव्हा पीप्सकडे जेमतेम 40 पौंड होते. 1666च्या अखेरीस 6200 पौंडांहून अधिक. हे पगारातून शक्यच नव्हते. लाकडाच्या एका ठेकेदाराने त्याच्या बायकोसाठी हातमोजे दिले, त्यांत 40 सोन्याची नाणी होती. एकदा एका कप्तानाने दिलेले पाकीट त्याने तोंड फिरवून रिकामे केले. कोणी विचारलेच तर कागदात पैसे पाहिले नाहीत असे म्हणता यावे म्हणून. ही लबाडी त्याने स्वतःच, कोणी न मागता, सविस्तर लिहून ठेवली. घरातल्या मोलकरणींशी त्याचे वागणे तर त्याहून वाईट होते, आणि त्याला सवलत देण्याचे कारण नाही. तरीही त्याच्या रागाचे वजन यामुळे कमी होत नाही. तो लाच घेई, पण लाकूड मोजून घेई आणि रोज कचेरीत हजर राही. वरच्या माणसाने एवढेही करू नये, हे त्याला सहन होत नव्हते.

मेडवेच्या नामुष्कीचे खापर कोणाच्या तरी डोक्यावर फुटायलाच हवे होते. पार्लमेंटने नौदल मंडळाला जाब विचारला. 5 मार्च 1668 रोजी पीप्स सभागृहासमोर उभा राहिला. धीर यावा म्हणून आधी गरम वाइन आणि वर थोडी ब्रँडी घेतली होती. मग तीनएक तास, कागदपत्रांच्या आधाराने, तो चिठ्ठ्यांच्या पद्धतीचे समर्थन करत राहिला. भाषण गाजले, राजानेही पाठ थोपटली. वहीत ज्या कारभाराला तो शिव्या देत होता त्याचाच वकील म्हणून त्याने नाव कमावले. नोकरदार माणसाची ही कोंडी ज्याने अनुभवली आहे, त्याला त्याबद्दल पीप्सला ढोंगी म्हणवणार नाही.

हे सगळे त्याने थॉमस शेल्टनच्या लघुलिपीत लिहिले. डोळे अधू झाले आणि आंधळे होण्याच्या भीतीने 1669 मध्ये त्याने लेखन थांबवले. त्याच वर्षी नोव्हेंबरात बायको एलिझाबेथ वारली. पुढे तो नौदलाचा सचिव झाला, रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’च्या शीर्षकपानावर त्याचे नाव आहे. 1703 मध्ये तो वारला आणि 1724 मध्ये त्याची सुमारे 3000 पुस्तके केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात आली, त्यांतच या सहा वह्या. शतकभर त्या कोणी वाचल्या नाहीत. 1819 ते 1822 या काळात जॉन स्मिथ नावाच्या एका गरीब विद्यार्थ्याने ती लिपी चिकाटीने उलगडली. त्या लिपीवरचे शेल्टनचे पुस्तक त्याच ग्रंथालयात होते, हे त्याला कोणी सांगितले नाही. 1825 मध्ये लॉर्ड ब्रेब्रुकने रोजनिशीचा थोडाच भाग छापला. त्याने निवडीत राजदरबाराला झुकते माप दिले आणि घरातले बरेच काही गाळले. रॉबर्ट लॅथम आणि विल्यम मॅथ्यूज यांनी 1970 ते 1983 या वर्षांत संपूर्ण रोजनिशी 11 खंडांत काढली, तेव्हा कुठे गाळलेले घर राजकारणाशेजारी आपल्या मूळ जागी आले.