किक, प्लग आणि घाटवाट

श्रोतेहो, त्र्यंबकेश्वराहून हरसूलकडे निघालेली मोटारसायकल भर पावसात अडली, तर दैवाला दोष देऊ नका. आधी प्लग काढून पाहा. या सवयीलाही इतिहास आहे.

१९५५ साली मद्रासेत एन्फील्ड इंडिया कंपनी निघाली आणि तिची बुलेट देशभर पसरली. १९६१ साली म्हैसुरात जावा बनू लागली. दोघींचे स्वभाव निराळे. बुलेटचे गिअर उजव्या पायाला, जावाचे डाव्या. एकीवरून उठून दुसरीवर बसणारा हमखास चुके! जावाची किकची दांडीच पुढे गिअरची होई. तिचे वंगणतेल पेट्रोलातच मिसळायचे. कमी पडले तर पिस्टन जाम, जास्त झाले तर प्लगवर काजळी. शिवाय पॉइंटात ओल शिरली, की ठिणगी नाही.

१९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला. तरी त्या गाड्या आजही कुठे कुठे धावताना दिसतात. कारखान्याच्या जोरावर नव्हे, तर पाना हाती घेणाऱ्या धन्यांच्या आणि मिस्त्र्यांच्या जोरावर.

गुरुजी, एक जुना प्लग वर्गात न्या. काजळी का धरली, हे मुलांनाच शोधू द्या. कारण शोधायची सवय लागली, की गाडीच काय, विहिरीवरचे इंजिनही त्यांच्यापुढे फार वेळ रुसून बसणार नाही.