वर्तनाधारित चाचणी

वर्तनाधारित चाचणी म्हणजे संगणक प्रणालीने कोणत्या परिस्थितीत कसे वागावे हे ठोस उदाहरणांच्या रूपाने साध्या भाषेत लिहून, तीच उदाहरणे यंत्राकडून पुन्हा पुन्हा पडताळून घेण्याची पद्धत होय. ही पद्धत बिहेवियर-ड्रिव्हन डेव्हलपमेंट, संक्षेपाने बीडीडी, या विकसनशैलीचा भाग आहे. तिचा वापर वेब सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात विशेष रूढ आहे. नीट लिहिलेले एकच उदाहरण मागणीपत्र, चाचणी आणि दस्तऐवज अशी तिन्ही कामे करते. प्रणाली बदलली आणि उदाहरण जुनेच राहिले, तर चाचणी अयशस्वी होऊन ती विसंगती उघड होते. कागदी दस्तऐवजाला ही सोय नसते.

इतिहास

या पद्धतीचे जनक डॅन नॉर्थ यांना मानले जाते. केंट बेक यांनी रूढ केलेले चाचणी-प्रथम विकसन शिकवताना, सुरुवात कोठून करावी, काय तपासावे, काय सोडून द्यावे आणि चाचणीला नाव काय द्यावे, हे प्रश्न शिकणाऱ्यांना वारंवार पडतात असे त्यांच्या ध्यानात आले. ‘चाचणी’ हा शब्दच गोंधळाचे मूळ आहे असे वाटून त्यांनी त्याजागी ‘वर्तन’ हा शब्द योजला. २००३ च्या अखेरीस त्यांनी जावा भाषेसाठी जेबिहेव हे साधन लिहावयास घेतले. ‘दिलेली परिस्थिती, घडलेली कृती, अपेक्षित परिणाम’ हा तीन भागांचा साचा त्यांनी २००४ च्या सुमारास ख्रिस मॅट्स यांच्यासह सिद्ध केला. मार्च २००६ मध्ये ‘बेटर सॉफ्टवेअर’ या नियतकालिकातील लेखामुळे ही कल्पना सर्वदूर पोहोचली. रुबी भाषेत आरस्पेक (२००५) आणि त्यापाठोपाठ आस्लाक हेलेसॉय यांनी घडवलेले कुकुंबर (२००८) ही साधने आली. ब्राउझर चालवण्याचे काम बहुधा सेलेनियमकडे सोपवले जाते. त्याची सुरुवात २००४ मध्ये जेसन हगिन्स यांनी केली. पुढे त्यात विलीन झालेली वेबड्रायव्हर ही संज्ञापनपद्धती २०१८ मध्ये डब्ल्यू३सीची अधिकृत शिफारस झाली.

गर्किन भाषा

कुकुंबरमधील परिदृश्ये गर्किन नावाच्या अल्पनियमांच्या भाषेत लिहितात. (कुकुंबर म्हणजे काकडी आणि गर्किन म्हणजे लोणच्याची लहान काकडी.) गर्किनचे संकेतशब्द सत्तरहून अधिक भाषांत उपलब्ध असून त्यांत मराठीचा समावेश आहे. ग्रंथालयाच्या संकेतस्थळाचा एक नियम मराठीत असा लिहिता येतो :

परिदृश्य: मागणी नोंदवलेल्या पुस्तकाला मुदतवाढ मिळत नाही
जर एका सभासदाकडील पुस्तकासाठी दुसऱ्या सभासदाने मागणी नोंदवली असेल
जेव्हा पहिला सभासद त्या पुस्तकाची मुदत वाढवून मागतो
तेव्हा मुदतवाढ नाकारली जाते
आणि परतीची तारीख पूर्वीचीच राहते

प्रत्येक ओळीला पायरी म्हणतात. पायरीशी जुळणारा कार्यक्रमाचा तुकडा, म्हणजे पायरीची व्याख्या, स्वतंत्र फाइलमध्ये असतो. ओळ वाचली जाताच तो तुकडा चालतो.

परिदृश्याची भाषा

वरील परिदृश्यात कोठेही बटण, रकाना वा पानाचा पत्ता नाही, आणि त्याचे बळ नेमके यातच आहे. नवशिका लेखक हेच परिदृश्य ‘प्रवेशपानावर जा, नावाच्या रकान्यात अमुक भरा, निळे बटण दाबा’ अशा दहा-बारा ओळींत लिहितो. असे परिदृश्य चालते खरे, पण त्यातून ग्रंथालयाचा नियम काय आहे हे वाचकाला कळत नाही. शिवाय बटणाचे नाव बदलले की नियम तोच असूनही शेकडो चाचण्या एकदम कोसळतात.

हा दोष साधनकर्त्यांनाही भोवला. रेल्ससाठीच्या कुकुंबरसोबत पूर्वी ‘वेब स्टेप्स’ नावाची तयार पायऱ्यांची फाइल मिळत असे. दुवा दाबणे, रकाना भरणे, मजकूर दिसतो का ते पाहणे, असे सारे तीत आयते होते. शिकणाऱ्यांच्या सोयीसाठी दिलेल्या त्या कुबड्या कायमच्या होऊन बसल्या आणि परिदृश्ये ब्राउझर चालवण्याच्या सूचनांच्या याद्या बनली. अखेर २०११ मध्ये हेलेसॉय यांनी ती फाइल जाणीवपूर्वक काढून टाकली. वापरकर्त्यांनी आपल्या व्यवसायाच्या शब्दांत स्वतःच्या पायऱ्या लिहाव्यात हा त्यामागचा हेतू होता. रकाने आणि बटणे यांचा तपशील पायरीच्या व्याख्येत, किंवा त्याहून बरे म्हणजे प्रत्येक पानासाठी लिहिलेल्या स्वतंत्र वर्गात ठेवावा असा संकेत आहे. या रचनेला पेज ऑब्जेक्ट म्हणतात. पान बदलले तर दुरुस्ती एकाच ठिकाणी करावी लागते.

एका परिदृश्याने एकच नियम सांगावा. एका परिदृश्यात ‘जेव्हा’ दोनदा आले, तर बहुधा दोन नियम एकत्र कोंबलेले असतात.

अस्थिर चाचण्या

कार्यक्रमात काहीही बदल न होता कधी यशस्वी तर कधी अयशस्वी होणारी चाचणी अस्थिर समजली जाते. आपल्या सुमारे १६ टक्के चाचण्यांत काही ना काही अस्थिरता आढळते, असे गूगलने २०१६ मध्ये नमूद केले होते. वेबच्या बाबतीत याचे नेहमीचे कारण वेळ हे असते. पान उघडल्यावरही मजकूर मागाहून येत राहतो आणि चाचणी त्याआधीच पाहून मोकळी होते. यावर पाच सेकंद थांबण्याची आज्ञा घालणे हा सर्रास केला जाणारा, पण वाईट उपाय आहे. सर्व्हर मंदावला की पाच सेकंद अपुरे पडतात आणि एरवी ते प्रत्येक वेळी वाया जातात. अपेक्षित घटक दिसेपर्यंत, ठरावीक कमाल मर्यादेत, पुन्हा पुन्हा पाहत राहणे हा योग्य मार्ग होय. कॅपिबरा हे रुबीतील साधन हे आपोआप करते. त्याची मूळ मर्यादा दोन सेकंदांची आहे.

दुसरे कारण सामायिक विदा. एका चाचणीने नोंदवलेला सभासद दुसरीत शिल्लक राहिला, तर निकाल चाचण्यांच्या क्रमावर अवलंबून राहतो. म्हणून प्रत्येक परिदृश्याने आपली परिस्थिती स्वतः उभी करावी. अस्थिर चाचणीची खरी हानी तिच्या खोट्या इशाऱ्यापुरती मर्यादित नसते. ‘पुन्हा चालवून पाहा’ अशी सवय लागली की खरा दोष दाखवणारी चाचणीही तशीच दुर्लक्षिली जाते.

मर्यादा

ब्राउझरमधून चालणारी चाचणी तुलनेने संथ व खर्चिक असते. माइक कोन यांनी २००९ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या चाचणी-पिरॅमिडमध्ये अशा चाचण्या शिखरावर, म्हणजे संख्येने सर्वांत कमी दाखवल्या आहेत. मुदतवाढीचा नियम ब्राउझर न उघडताही तपासता येतो, कारण त्याचे परिदृश्य पडद्याविषयी काहीच बोलत नाही. ग्रंथपाल किंवा त्यांच्या जागी असलेली व्यवसायाची जाणकार व्यक्ती परिदृश्ये लिहिण्यात आणि वाचण्यात सहभागी नसेल, तर गर्किनचा थर निव्वळ अनुवादाचे ओझे ठरतो. अशा गटाला साध्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या चाचण्या अधिक सोयीच्या पडतात.