खंजिरी आणि राजसत्ता

आजची तरुण मुले रॅप गाऊन सत्तेला जाब विचारतात, याचे पुष्कळांना नवल वाटते. चंद्रपूरला, म्हणजे जुन्या चांद्याला, हे नवे नाही. १९४२ च्या चातुर्मासात तुकडोजी महाराज चिमुरात खंजिरीवर भजने गात होते. १६ ऑगस्टला तेथे उठाव झाला. गोळीबारात देशभक्त पडले. जमावाच्या हातून सरकारी अधिकारीही मारले गेले. २८ ऑगस्टला महाराजांना अटक झाली. नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले. निःशस्त्र गायकाला सरकार भ्याले, कारण गाण्याने माणसाचे भय जाते. परंतु निर्भय झालेल्या माणसाने पुढे काय करावे? सुटकेनंतर महाराजांनी ग्रामसेवेचा मार्ग दाखविला. गाणाऱ्याची खरी कसोटी तेथेच लागते.